सावित्रीबाई आजारी पडल्या तेव्हा शाळा कोणी सांभाळली?

सावित्रीबाई फुले यांचं निधन प्लेगने झालं, हे बहुतेकांना माहिती असतं. ३ जानेवारीला त्यांची जयंती आणि १० मार्चला पुण्यतिथी असते. त्या दिवशी आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतही शाळांपासून दवाखान्यांपर्यंत त्यांच्या फोटोला हार घातला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र हमखास फिरतं. पाठीवर आजारी मूल घेतलेल्या, साठी ओलांडलेल्या सावित्रीबाई चालत निघाल्यात, असं ते चित्र.

चित्र खरं आहे, म्हणजे घटना खरी आहे. पण सावित्रीबाईंच्या आयुष्यात याआधीही एक मोठं आजारपण येऊन गेलं होतं. साधारण चाळीस वर्षं आधी. त्या आजारपणात त्या कामावर नव्हत्या. माहेरी होत्या, अंथरुणावर होत्या, आणि पूर्ण बरं वाटल्याशिवाय पुण्याला परतायचं नाही हे त्यांनी ठरवलं होतं.

या आजारपणाचं चित्र कुणी काढत नाही.

आज दोन्ही आजारपणांची गोष्ट बघू. कारण तापाने फणफणलेली एखादी सिस्टर ड्युटी अर्धवट टाकून घरी जाऊ शकते का, या आजच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या दोन प्रसंगांमधल्या फरकात आहे.

आधी थोडी ओळख

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. नायगाव म्हणजे शिरवळजवळचं गाव. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. १८४० साली लग्न झालं तेव्हा त्या ९ वर्षांच्या होत्या आणि जोतिराव १३ वर्षांचे.

लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तिथे शिकवायला लागल्या. पुढचा भाग तुम्ही शाळेत वाचलाय. रस्त्यात शेण, चिखल, दगड. शाळेत पोहोचल्यावर बदलायला पिशवीत दुसरं लुगडं. घरातून बाहेर पडावं लागणं, आणि त्या दिवसांत उस्मान शेख यांनी आपल्या घरात दिलेली जागा.

उस्मान शेख यांच्या घरातलंच दुसरं नाव म्हणजे फातिमा शेख. सावित्रीबाईंबरोबर शाळेत काम करणाऱ्या सहकारी. हे नाव लक्षात ठेवा.

१८५६ साली काय झालं?

ऑक्टोबर १८५६. सावित्रीबाई २५ वर्षांच्या आहेत. आजारी पडून नायगावला माहेरी आल्यात. तिथून त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिलं. सावित्रीबाईंची जोतिरावांना लिहिलेली जी तीन पत्रं आज उपलब्ध आहेत, त्यातलं हे पहिलं.

पत्राची सुरुवात तब्येतीपासून होते. बरेच चढउतार झाले, आता प्रकृती मूळपदावर येतेय, असं त्या कळवतात. भावाने आजारपणात खूप कष्ट घेतले, मनापासून सेवा केली, हे आवर्जून सांगतात. पूर्ण बरं वाटलं की पुण्याला येईन, काळजी करू नका, असंही लिहितात.

आणि मग फातिमाचा विषय येतो. आपण नसल्यामुळे फातिमाला त्रास पडत असेल याची त्यांना जाणीव आहे. पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वासही आहे.

बस, एवढाच उल्लेख. एखाद-दुसऱ्या ओळीचा.

पण ज्यांनी कधी पाळीची नोकरी केलीय, त्यांना या ओळीत काय आहे ते बरोबर कळेल. आपण आजारी आहोत, घरी आहोत आणि डोक्यात मात्र आपल्या जागी राबणारी सहकारी आहे. तिच्यावर दुप्पट वर्ग पडले असतील. तिलाही त्याच रस्त्याने, तेच टोमणे झेलत शाळेत जावं लागत असेल. आणि आपण इथे पडून आहोत.

तरीही सावित्रीबाई अर्ध्या तब्येतीने उठून पुण्याला गेल्या नाहीत. अपराधी वाटणं वेगळं आणि आजार अंगावर काढणं वेगळं, हा फरक २५ वर्षांच्या या बाईला कळत होता. शाळेवर त्यांचं प्रेम कमी होतं म्हणून नाही. शाळेत फातिमा होती म्हणून त्या थांबू शकल्या, असं मला वाटतं.

याच पत्रात पुढे एक भांडणही आहे. ज्या भावाने रात्रंदिवस सेवा केली, तोच भाऊ त्यांना सुनावतो की तुम्ही नवराबायको महार-मांगांसाठी जे करताय ते चुकीचं आहे, त्याने कुळाला बट्टा लागतो, तुम्हाला वाळीत टाकलं ते बरोबरच झालं. अजून पुरत्या बऱ्या न झालेल्या सावित्रीबाई त्याच्याशी वाद घालतात. तू गाय-बकरीला जवळ घेतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग माणसाचाच विटाळ कसा होतो, असा त्यांच्या बोलण्याचा रोख. ऐकता ऐकता आईच्या डोळ्यांत पाणी आलं, असं पत्रातून कळतं.

म्हणजे आजारी माणसाची सेवा मनापासून करणारा माणूस विचाराने मोठा असतोच असं नाही. सेवा घरच्यांपुरती राहू शकते. सावित्रीबाईंच्या पुढच्या आयुष्यात ती घराबाहेर कशी पोहोचली, ते पाहण्यासारखं आहे.

शिक्षिका ते परिचारिका

सावित्रीबाईंनी नर्सिंगचं प्रशिक्षण घेतलं नव्हतं. त्या काळात मराठी मुलखात बायकांसाठी तसं प्रशिक्षण नव्हतंच. इंग्लंडमध्ये फ्लॉरेन्स नाईटिंगेल यांची परिचारिकांची शाळा १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये सुरू झाली. आपल्याकडे बाळंतपण सुईणीकडे आणि आजारी माणूस घरच्या बायकांकडे, हाच रिवाज.

१८६३ साली फुले दाम्पत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. ब्राह्मण विधवांचे पुनर्विवाह होत नव्हते. घरातल्याच किंवा नात्यातल्या पुरुषांकडून त्यांच्यावर जबरदस्ती व्हायची, दिवस जायचे आणि मग मूल मारून टाकणं किंवा स्वतः मरणं एवढेच दोन रस्ते उरायचे. अशा बायकांनी इथे गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा इथेच ठेवावं, अशी ही सोय होती.

बाळंतपणं, बाळंतिणींची देखभाल, मागे राहिलेल्या मुलांचं दूध-पाणी. हे सगळं सावित्रीबाईंच्या अंगावर होतं. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला आणि १८९७च्या गोष्टीत तो परत येणार आहे.

१८७६-७७चा दुष्काळ आला. या काळात सावित्रीबाई जुन्नरकडे ओतूरला होत्या आणि एप्रिल १८७७मध्ये तिथून त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिलं. गावं ओस पडतायत, जनावरं मरतायत, सावकारांचा जाच सुरू आहे आणि सत्यशोधक कार्यकर्ते मदतीची कामं करतायत, असा सगळा वृत्तांत त्यात आहे. दुष्काळात भुकेपाठोपाठ रोग येतात, त्यामुळे अन्नछत्र चालवणं हेसुद्धा अर्धं आरोग्याचंच काम होतं.

मग घरातलंच आजारपण आलं. जुलै १८८८मध्ये जोतिरावांना पक्षाघात झाला. शरीराची उजवी बाजू लुळी पडली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले, पण रोजचं करायला सावित्रीबाईच होत्या. उजवा हात चालत नव्हता, तर जोतिराव डाव्या हाताने लिहायला लागले आणि सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पूर्ण केलं. ते छापून आलं त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली. डाव्या हाताने लिहिण्याची ही जिद्द आपण नेहमी सांगतो. त्या दोन-सव्वादोन वर्षांत अंथरुण, आंघोळ, जेवण, औषध कोण बघत होतं ते सांगायचं राहून जातं.

२८ नोव्हेंबर १८९०ला जोतिराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कोणी धरायचं यावरून वाद उभा राहिला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि पुढे चालायला लागल्या. १८९३ साली सासवडला सत्यशोधक समाजाची परिषद झाली, तिच्या अध्यक्ष सावित्रीबाई होत्या.

१८९७ : प्लेग

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरने गाठीचा ताप ओळखला. हा प्लेग होता. काही महिन्यांत तो पुण्यात पोहोचला. त्याच वर्षी पुन्हा दुष्काळही होता.

सरकार घाबरलं. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा आला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा, पण सरकारला जवळपास हवं ते करता येईल एवढा अधिकार देणारा. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी वॉल्टर चार्ल्स रँड यांची नेमणूक झाली. मार्चमध्ये सैनिक घराघरांत शिरून रुग्ण शोधायला लागले. माणसं उचलून वेगळ्या छावण्यांत नेली जायची. लोकांना रोगाइतकीच या छावण्यांची भीती वाटायची. घरोघरी रुग्ण लपवले जायला लागले. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, तो इतिहास सगळ्यांना माहिती आहे.

अशा वेळी सावित्रीबाईंनी यशवंतला बोलावून घेतलं. तो सैन्याच्या वैद्यकीय सेवेत होता. पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाणे मळ्यात, मोकळ्या जागेवर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. ससाणे हे यशवंतच्या सासरचं घराणं.

जागेची निवड नीट बघा. गावाबाहेर, मोकळी हवा, रुग्ण वेगळे ठेवता येतील अशी. म्हणजे विलगीकरण इथेही होतं. पण सैनिकाने हात धरून ओढत नेणं आणि ओळखीच्या बाईने येऊन चल म्हणणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोविडच्या पहिल्या लाटेत गावात गाडी आली की लोक मागच्या दाराने पळायचे आणि गावातल्या आशाताईंनी समजावलं की तपासणीला तयार व्हायचे, हे आपण बघितलंय.

सावित्रीबाई रुग्ण शोधायला स्वतः जायच्या. मुंढव्याजवळच्या महारवाड्यात गायकवाड कुटुंबातला एक मुलगा प्लेगने आजारी असल्याचं त्यांना कळलं. त्या तिथे गेल्या. मुलाला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत आणलं.

त्या वेळी त्यांचं वय ६६ होतं.

यातून त्यांना प्लेगची लागण झाली. १० मार्च १८९७ला त्यांचं निधन झालं.

लागण नेमकी कशी झाली असेल?

आज वाचताना सहज मनात येतं, एवढी काळजी घ्यायला हवी होती. पण १८९७च्या मार्चमध्ये काय माहिती होतं आणि काय नव्हतं ते बघा.

प्लेगचा जिवाणू १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर यर्सिन यांनी शोधला होता. म्हणजे रोग कशामुळे होतो हे कळलं होतं. तो पसरतो कसा, हे नीट कळलं नव्हतं. उंदरावरच्या पिसवेतून तो माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली दाखवलं. तेही लगेच कुणी मान्य केलं नाही. सावित्रीबाई गेल्या त्यानंतर वर्षभराने ही गोष्ट पुढे आली.

लस? वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. म्हणजे सावित्रीबाईंच्या मृत्यूच्या दोनच महिने आधी. लस नुकती जन्माला आली होती, ती सगळ्यांपर्यंत पोहोचायला वेळ होता.

औषध तर नव्हतंच. प्लेगवर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन १९४०च्या दशकात आलं. औषध मिळालं नाही तर गाठीच्या प्लेगमध्ये १०० पैकी ३० ते ६० रुग्ण दगावतात. तोच रोग फुप्फुसात उतरला तर जवळपास कुणीच वाचत नाही, आणि हा प्रकार खोकल्या-शिंकांतून थेट माणसातून माणसात जातो.

आजारी मुलाला पाठीवर घेणं म्हणजे त्याचे कपडे, घोंगडी, त्यातल्या पिसवा आणि त्याचा श्वास, हे सगळं मानेजवळ. ना मास्क, ना हातमोजे. आपल्याला काहीही होऊ शकतं हे सावित्रीबाईंना कळत नव्हतं असं नाही, आजूबाजूला माणसं मरत होती. पण धोका नेमका कुठे आहे आणि तो कसा टाळायचा, हे जगात अजून कुणालाच सांगता येत नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट. त्यांच्या जागी जाणारं कुणी होतं का? जातीने बाहेर ठेवलेल्या वस्तीत, प्लेगच्या घरात शिरून मूल उचलायला किती माणसं तयार होती? १८५६ साली सावित्रीबाईंच्या मागे फातिमा उभी होती. १८९७ साली तशी दुसरी जोडी नव्हती.

यशवंत यांनी पुढेही प्लेगच्या रुग्णांची सेवा केली आणि काही वर्षांनी त्यांचाही मृत्यू प्लेगनेच झाला, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं.

आपल्याला दुसरंच आजारपण का आवडतं?

यात एक अडचण आहे, ती सरळ बोललेली बरी.

आजारी पडूनही काम न सोडणाऱ्या माणसांच्या गोष्टी आपल्याला फार आवडतात. फ्लॉरेन्स नाईटिंगेल यांचंच बघा. १८५५च्या मे महिन्यात क्रिमियाच्या युद्धात त्यांना भयंकर ताप आला, जीव जातो की राहतो अशी अवस्था झाली, मायदेशी परत जा असं सांगितलं गेलं. त्या गेल्या नाहीत. त्यांचा वाढदिवस, १२ मे, आपण जागतिक परिचारिका दिन म्हणून साजरा करतो. पण युद्धानंतर त्यांच्या आयुष्याची कित्येक वर्षं खोलीत आणि अंथरुणावर गेली, हे त्या दिवशीच्या भाषणांत क्वचितच येतं.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करताना त्यांना फिट्स यायला लागल्या. उपचारासाठी बाहेर जायचा सल्ला मिळूनही ते थांबले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ला गेले तेव्हा वय होतं ३२.

ही माणसं मोठीच आहेत, त्यात वाद नाही. अडचण आपली आहे. त्यांची गोष्ट आपण सांगतो ती अनेकदा दुसऱ्या कुणाला तरी गप्प बसवायला. ताप आलाय, घरी जाऊ का, असं विचारणाऱ्या सिस्टरला सावित्रीबाईंच्या फोटोकडे बोट दाखवणं फार सोपं असतं.

कोविडमध्येही हेच झालं. १८९७चा तोच साथरोग कायदा १२३ वर्षांनी पुन्हा बाहेर काढला गेला. एप्रिल २०२०मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला शिक्षेची तरतूद आली. चांगलं झालं. कोविडच्या ड्युटीवर मृत्यू आला तर ५० लाखांच्या विम्याची योजनाही आली. तेही हवंच होतं. टाळ्या-थाळ्या वाजवून झाल्या. पण सिस्टर आजारी पडली तर तिच्या जागी उद्या सकाळी कोण उभं राहील, हा प्रश्न टाळ्यांमध्ये बसत नाही. त्यासाठी पदं भरावी लागतात.

गडचिरोलीत एक सिस्टर तापाने पडली तर?

मोठ्या हॉस्पिटलमध्ये मधल्या पाळीत ताप भरला तर सिस्टर नुसती पर्स उचलून निघू शकत नाही. इन्चार्ज सिस्टरला सांगायचं. रिलिव्हर येईपर्यंत थांबायचं. कुठल्या बेडला सलाईन चालू आहे, कुणाचं इंजेक्शन किती वाजता आहे, कोण गंभीर आहे, हे सगळं समजावून वॉर्ड दुसरीच्या ताब्यात द्यायचा. औषधांच्या कपाटाच्या चाव्या द्यायच्या. हे नियम रुग्णांसाठीच आहेत, आणि बरोबर आहेत. पण रिलिव्हरच नसेल तर हेच नियम आजारी सिस्टरला वॉर्डात बांधून ठेवतात. वर तिचा ताप संसर्गाचा असेल तर ती थांबल्याने रुग्णांनाच धोका वाढतो.

म्हणूनच भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांमध्ये फक्त किती रुग्णांमागे किती परिचारिका एवढंच नाही, तर ३० टक्के जादा परिचारिका रजेसाठी राखीव धरायला सांगितल्यात. म्हणजे वॉर्ड चालवायला १०० लागत असतील तर १३० नेमा. माणूस आजारी पडणार, बाळंत होणार, त्याच्या घरी अडचण येणार, हे गृहीत धरलेलं आहे. कागदावर तरी.

आता जंगलातलं उपकेंद्र घ्या. आदिवासी आणि डोंगराळ भागात साधारण ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावं, असा निकष आहे. तिथे एएनएम सिस्टर असते. गरोदर बायकांची तपासणी, लसीकरण, तापाच्या रुग्णाचं रक्त घेणं, मलेरियाची जागेवरची तपासणी, गोळ्या देणं, रजिस्टर भरणं, सगळं तिच्याकडे. भामरागड, एटापल्लीसारख्या तालुक्यांत ३,००० माणसं म्हणजे एक गाव नसतं. लांब लांब विखुरलेले टोले असतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो.

आणि मलेरियाचा जोरही पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमागच असतो. गडचिरोली हा राज्यात मलेरियाचा सगळ्यात जास्त भार असलेला जिल्हा आहे. डास चावताना सिस्टर कोण आणि रुग्ण कोण हे बघत नाहीत. जी सिस्टर दिवसभर दुसऱ्यांच्या बोटाला सुई टोचून फॅल्सिपॅरम शोधते, ती रात्री त्याच गावात झोपते. तिलाच थंडी वाजून ताप आला की तीन दिवसांच्या गोळ्या आणि विश्रांती हवी. तेव्हा उपकेंद्राला कुलूप लागतं किंवा ती तापात उठून दार उघडते.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाची. सिकलसेल. चंद्रपूर-गडचिरोली-गोंदिया पट्ट्यात हा आजार मोठ्या प्रमाणात आहे. स्थानिक मुली शिकून सिस्टर होतायत, ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. पण ज्या समाजांत हा आजार आहे त्याच समाजांतून त्या येतात, म्हणजे त्यांच्यातही सिकलसेलच्या रुग्ण असणार. अंगातलं पाणी कमी झालं, फार दमणूक झाली, थंडी बाधली की वेदनेचा झटका येतो. बाहेरून काही दिसत नाही. ना खोकला, ना पुरळ. अशा सिस्टरने दुखतंय म्हणून मधेच जाते म्हटलं तर बहाणा वाटू शकतो. खरं तर वेळेत पाणी, गोळी आणि आराम मिळाला तर झटका आटोक्यात येण्याची शक्यता बरीच असते.

कंत्राटी सिस्टरचं दुखणं आणखी वेगळं. दरवर्षी कंत्राट वाढवून घ्यायचं असतं, त्यामुळे रजेचा अर्ज लिहिताना हात जड होतो.

फातिमाबद्दल अजून एक गोष्ट

सावित्रीबाईंच्या त्या १८५६च्या पत्राकडे अभ्यासक एरवी वेगळ्या कारणांनी बघतात. भावाशी झालेला वाद, जातीबद्दलची त्यांची मांडणी, नवराबायकोमधलं बरोबरीचं नातं. ते सगळं महत्त्वाचं आहेच.

पण फातिमा शेख यांच्याबद्दल त्या काळातलं लिखित साहित्य फार म्हणजे फारच थोडं आहे. त्यांचं स्वतःचं लिखाण आपल्यासमोर नाही. इंटरनेटवर त्यांच्याबद्दल जे काही फिरतं, त्यातलं बरंच नंतर रचलेलं आहे. जे थोडं हाताशी आहे, त्यात नायगावच्या घरात अंथरुणाला खिळलेल्या सहकारी बाईने लिहिलेला हा उल्लेख येतो. मी इथे बरी होतेय आणि माझं काम ती करतेय, एवढाच त्याचा अर्थ.

बरं वाटल्यावर सावित्रीबाई पुण्याला परतल्या. त्यानंतर चाळीस वर्षं त्यांनी काम केलं. बालहत्या प्रतिबंधक गृह, दुष्काळातलं काम, सासवडची परिषद, ससाणे मळ्यातला दवाखाना, हे सगळं त्या रजेनंतरचं आहे.